440001 च्या पोटात काय आहे

नमस्कार मंडळी, परवा भाचा पुण्याला पार्सल पाठवून राहिला होता, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 440001, आपल्या नागपूरच्या जीपीओचा म्हणजे मोठ्या पोस्टाचा पिनकोड, लिहिला अन् पेन तिथंच थांबवून म्हणतो, मामा, शेवटी 1 आहे म्हणजे ही मूळ संख्या असेल ना? म्हटलं शेवटी 1 असल्यानं काय होते बाबू, 21 पण आहे ना, सात त्रिक एकवीस. आकड्यांची बेरीज कर. 4 न् 4 आठ, तीन शून्यं, अन् 1, झाले 9. म्हणजे 9 नं भाग जाणारच, 440001 संयुक्त निघाली, पार्सल राहिलं बाजूला अन् आम्ही दोघं कूलरसमोर वही घेऊन बसलो.

9 नं भागल्यावर उत्तर येते 48889. आता याला कोण भागते? 7 नं भागलं तर 1 उरतो, 97 नं भागलं तरी 1 च, म्हणजे थोडक्यात हुकते. 222 चा वर्ग याच्या पुढं जातो, म्हणून 221 पर्यंतच्या मूळ संख्या पाहिल्या की काम झालं, त्या भरतात 47. भाच्यानं सगळ्या तपासल्या, एकीनंही भाग गेला नाही. म्हणजे 48889 स्वतःच मूळ! आपल्या जीपीओच्या पिनकोडात एवढी मोठी मूळ संख्या लपून बसली आहे, अन् 1972 पासून आपण ती पाकिटांवर लिहून राहिलो आहे.

आता मला आवडलेली गंमत सांगतो. 4 नं भागून 1 उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, हे फर्मा नावाच्या फ्रेंच गणितीनं 1640 मध्ये पत्रात लिहून ठेवलं, सिद्धता पुढं ऑयलर या गणितीनं दिली. 48889 मध्येही 1 च उरतो. मग शोधत बसलो, 221 पासून एकेक खाली उतरत, चहा थंड झाला, अन् 208 वर सापडलं. 208 चा वर्ग 43264, उरले 5625, तो 75 चा वर्ग! दोघांना 3 नं गुणा, 624 अन् 225, यांच्या वर्गांची बेरीज बरोबर 440001. कॅल्क्युलेटरवर करून पाहा बरं.

अन् आपले गणिती कापरेकर गुरुजी, देवळालीच्या शाळेतले, 6174 ही संख्या ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते. आकड्यांच्या बेरजेनं जिला भाग जातो तिला त्यांनी हर्षद नाव दिलं, आनंद देणारी. 440001 हर्षद आहे. धरमपेठचा 440010 पण हर्षद. सीताबर्डीचा 440012 मात्र नाही, बेरीज 11, भागल्यावर 1 उरतो. भाच्याचा जिगरी दोस्त बर्डीवर राहतो, त्याला लगेच फोन लावून चिडवणं सुरू झालं, पार्सल अजून टेबलावरच आहे.