जहाज आणि जमीन यांमधले वीस फूट

(सांगलीत विश्रामबागमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं की काय करायचं, हे सांगलीत शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. 40 ला इशारा, 45 ला धोका. आकडा ऐकूनच आपण ठरवतो, सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते. तीच नजर घेऊन आज समुद्राकडे जाऊ. गुडघे, कंबर किंवा तोल साथ देत नसताना क्रूझची बंदरं कशी बघायची, असा विषय आहे. सिंगापूरपासून ग्रीसमधल्या सँटोरिनीपर्यंत सात-आठ बंदरं सांगायचं मी कबूल केलंय. पण त्याआधी एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती कुणी बोलत नाही.

क्रूझला जायचं ठरलं की घरात चर्चा कसली होते? केबिनला बाल्कनी आहे का, जेवणात पोळी मिळेल का, जैन जेवण असतं का. जहाजावर खरं तर फारशी अडचण येत नाही. लिफ्ट असतात, रुंद बोळ असतात, जागोजागी धरायला कठडे असतात. अडचण आहे ती जहाजाच्या दारापासून जमिनीपर्यंतच्या 20 फुटांत. सहलीच्या पत्रकात त्या 20 फुटांबद्दल एक ओळ नसते. 'भेट: अमुक बेट' एवढंच छापतात. लाखभर रुपये भरून आलेली आजी मग दिवसभर डेकवरून ते बेट बघत बसते. याचा मला मनापासून राग येतो, कारण एका प्रश्नाने हे टळतं: या बंदरात जहाज धक्क्याला लागणार की नांगर टाकून बाहेर उभं राहणार?

धक्क्याला लागलं तर मधे शिडी किंवा उताराची फळी येते, तिला गँगवे म्हणतात. नांगर टाकला तर छोट्या बोटीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं, ती टेंडर. बहुतेक वेळा जहाजाच्या जीवरक्षक बोटीच त्यासाठी खाली सोडतात.

टेंडर म्हणजे काय ते सांगलीकरांना समजावायला नको. 2019 च्या पुरात म्हाताऱ्या माणसांना पायरीवरून बोटीत घेताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. पायरी स्थिर, बोट हलती. बोट वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना टाकायचं नाही, आणि त्या एका क्षणाला सगळं वजन एका गुडघ्यावर येतं. टेंडरमध्ये नेमकं हेच असतं. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, 'आता' म्हणतात, तेव्हा पाऊल टाकायचं. तिथे खलाशाचा हात आपण धरायचा नाही, त्याला आपला दंड, कोपराच्या वर, धरू द्यायचा. हात सुटतो, दंड सुटत नाही. काठी आधी सोबतच्या माणसाकडे द्यायची. घडीची साधी चाकांची खुर्ची मिटवून बोटीत येते, पण बसलेल्या माणसाला चार पावलं स्वतः टाकता आली पाहिजेत, असा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे. बॅटरीवरची जड खुर्ची किंवा स्कूटर टेंडरमध्ये सहसा घेतच नाहीत. आणि लाटा जास्त असतील तर कॅप्टन सकाळी ते बंदरच रद्द करतो. तो निर्णय त्याचाच, त्यावर वाद घालू नये.

टेंडरने जायचंच असेल तर पहिल्या तासाची झुंबड टाळा, कारण पहिल्या बोटी जहाजाच्या सहलीवाल्यांना देतात. साडेदहाच्या सुमारास निघा. मात्र परत दुपारी लवकर या. दुपारनंतर बहुधा वारा चढतो, पाणी खवळतं, आणि सकाळी सोपं वाटलेलं तेच पाऊल संध्याकाळी अवघड होतं. शेवटच्या बोटीसाठी थांबणं ही तर हमखास चूक.

आता धक्का. धक्का म्हटलं की लोक निश्चिंत होतात. होऊ नका. खुर्चीच्या उताराचा हिशेब बऱ्याच ठिकाणी असा धरतात, 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. समजा जहाजाचं दार धक्क्यापेक्षा 4 फूट वर आहे, तर 48 फुटांची फळी हवी. धक्क्यावर तेवढी जागा असेलच असं नाही. फळी 24 फुटांची मिळाली तर उतार दुप्पट झाला. खुर्ची आणि माणूस मिळून 85 किलो धरा. 1 ला 12 च्या उतारावर ढकलणाऱ्याला साधारण 7 किलोचा जोर लावावा लागतो, 1 ला 6 वर 14 किलोचा. सत्तरीच्या बाईने नवऱ्याची खुर्ची 14 किलोच्या जोराने सतत वर ढकलायची? हे काम खलाशांचं आहे. ते करतात, मागायला संकोच करायचा नाही. शिवाय पाय घसरू नये म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यात पुढची छोटी चाकं अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून उतरताना खुर्ची नेहमी उलटी न्यायची, पाठ धक्क्याकडे, मोठी चाकं आधी.

आणि ही उंची दिवसभर एक राहत नाही. भरती-ओहोटी म्हणजे दिवसातून दोनदा येणारा आणि दोनदा ओसरणारा पूर! मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. सकाळी सपाट असलेली फळी संध्याकाळी उभी होते. कधी तर उतरायचा मजलाच बदलतात. ओहोटीला जहाज धक्क्याच्या मानाने खाली जातं, मग वरच्या मजल्याचं दार उघडतात. म्हणून परत येताना दार सकाळच्याच जागी असेल असं धरून चालू नका. यावर आपल्याकडे फार जुना उपाय आहे, तो म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्यातला फरक कमी, म्हणून फळीचा उतारही बेताचा. मुंबईहून निघणारी क्रूझ निवडताना तिथी बघा. हसू नका, मुहूर्तासाठी बघतोच की आपण. भूमध्य समुद्रात मात्र बहुतेक ठिकाणी भरतीचा फरक वीतभर-हातभरच, तिथे तिथीची गरज नाही.

खुर्चीबद्दल दोन शब्द. जहाजावरची खुर्ची चढता-उतरताना देतात, गावात फिरायला देत नाहीत. आपली न्या. 18 इंची बैठकीची घडीची खुर्ची बाहेरून साधारण 25 इंच भरते आणि साध्या केबिनचं दार बहुधा त्याहून अरुंद असतं. म्हणजे रोज दारात मिटवावी लागणार, किंवा रुंद दाराची केबिन बुकिंगच्या वेळीच मागावी लागणार, कारण त्या मोजक्याच असतात. 'मला चालता येतं, खुर्ची कशाला' असं म्हणणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की धक्क्यापासून बंदराच्या फाटकापर्यंतच कधी कधी किलोमीटर होतो. तो बसून जा, म्हणजे गावात चालायला पाय शिल्लक राहतील. बॅटरीची खुर्ची विमानाने नेणार असाल तर सुटणारी लिथियम बॅटरी एकच असेल तर 300 वॉट-अवरपर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी 160 पर्यंत. बॅटरीवरचा आकडा फोटो काढून ठेवा.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. बंदरं पटापट सांगतो.

सिंगापूर सर्वांत सोपं. मरीना बेचा धक्का असो वा हार्बरफ्रंटचा, मेट्रो स्टेशनांना लिफ्ट, बसला उताराची फळी. पहिली क्रूझ करणाऱ्यांनी तिथूनच करावी. मलेशियातल्या पेनांगला जहाज जॉर्जटाउन या जुन्या शहराला खेटूनच लागतं, पण दुकानांपुढच्या ओसऱ्या उंच-सखल आहेत, दर दुकानाला पायरी. तिथे टॅक्सी ठरवा. फुकेतला नीट विचारा: पातोंगला थांबणार असेल तर टेंडर, मोठ्या बंदरात लागणार असेल तर धक्का. नाव एकच, दिवस दोन तऱ्हेचे.

रोमचं बंदर रोममध्ये नाही. ते चिवितावेक्कियाला आहे, रस्त्याने 80 किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन तीन तास धरा. रोमच्या गल्ल्यांत काळ्या छोट्या दगडांची फरसबंदी आहे. पुढची चाकं उचलून, खुर्ची मागे कलती करून मोठ्या चाकांवर ओढत न्या. बार्सिलोनाला बंदराची बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते, पुढे रांब्ला हा चालायचा मोठा रस्ता, आणि शहरातल्या बसना उताराची फळी असते. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जहाज लागतं ग्रुझ बंदराला, जुनं गाव तिथून सुमारे 3 किलोमीटर. मुख्य रस्ता सपाट, बाजूच्या बऱ्याच गल्ल्या पायऱ्यांच्या. त्या सोडून द्या. सँटोरिनीला टेंडर, आणि खाली उतरल्यावर वर जायला 580 च्या वर पायऱ्या किंवा रोपवे, त्यालाही रांग. जहाजाच्या सहली मात्र बहुधा अथिनियोस धक्क्यावरून बसने वर जातात. पाय कच्चे असतील तर इथे जहाजाचीच सहल घ्या. लक्षद्वीपचंही तेच, मोठी जहाजं प्रवाळाच्या बाहेर थांबतात आणि छोट्या बोटीत उतरावं लागतं.

युरोपीय संघातल्या देशाच्या बंदरातून जहाजात चढणार असाल तर 2010 च्या 1177 क्रमांकाच्या नियमाने बंदरावरची मदत विनामूल्य मिळते, पण ती निदान 48 तास आधी कळवावी लागते, आणि केबिनची गरज बुकिंगलाच. लेखी कळवा. जहाजावर पोचल्यावर पहिल्याच दिवशी आणीबाणीची कवायत होते, तेव्हा 'पायऱ्या उतरता येत नाहीत' हे नोंदवा, कारण आग लागली तर लिफ्ट बंद असतात. स्वतः टॅक्सीने फिरत असाल तर निघायच्या वेळेच्या दोन तास आधी धक्क्यावर या. उशीर झाला तर जहाज थांबतं ते स्वतःच्या सहलीसाठी, आपल्यासाठी नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, गावातली वेळ वेगळी असू शकते.

प्रश्न बाहेर घेऊ. दाराशी घडीची खुर्ची ठेवली आहे आणि या सभागृहाला उतारही आहे. सोबत जाणारे मुलगे-सुना असतील त्यांनी पुढे यावं, खुर्ची उलटी कशी उतरवायची ते एकेकाकडून करून घेतो. चहा त्यानंतर.