घर भाड्यानं दिलंय, कॉट नाही

श्रोतेहो, नमस्कार.

जून लागला की पुण्याच्या रस्त्यांवर छोट्या टेम्पोंची गर्दी वाढते. गादीची वळकटी, बादलीत कोंबलेला कुकर, आणि मागून बाइकवर दोन मुलं. तिघांनी मिळून फ्लॅट घेतलेला असतो. आज बोलायचंय ते या तिघांतला एक मध्येच निघून गेला तर काय होतं, त्याबद्दल.

मी वकिली करतो. मागे एकदा फेब्रुवारीत माझ्या मावसभावाचा मुलगा मित्राला घेऊन रात्री साडेनऊला दारात हजर. हा साताऱ्याचा, मित्र नाशिकचा. तिसरा लातूरचा, तो दिवाळीतच नोकरी लागून बंगळूरला गेलेला. फ्लॅट कर्वेनगरात, भाडं २४,०००, म्हणजे माणशी आठ. डिपॉझिट ७२,०००.

"काका, आम्ही आमचे आठ-आठ हजार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत टाकलेत," असं म्हणत त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. खरंच टाकले होते. पैसे पाठवताना खाली लिहिलंही होतं, 'माझा हिस्सा'. तरी मालकांचा मेसेज आला होता: चार महिन्यांचे ३२,००० बाकी, आठवड्यात भरा, नाहीतर घर खाली करा.

मी मालकांना फोन लावला. माणूस सरळ होता, पण आवाज चढलेला. म्हणाले, "वकीलसाहेब, मी घर भाड्यानं दिलंय, कॉट नाही."

आता यावर काय बोलणार? पुण्यात कॉट बेसिस, म्हणजे अख्खं घर नाही तर एक कॉट भाड्यानं घेणं, हा प्रकार शिकायला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तिथं तुमची कॉट, तुमचं भाडं. शेजारच्या कॉटवरचा पळाला तर ती मालकाची डोकेदुखी. पण तिघांनी एका करारावर थंब दिला, म्हणजे नोंदणीसाठी अंगठा लावला, की भाड्याचे तीन तुकडे तुमच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात. कागदावर एकच आकडा असतो, २४,०००, आणि त्याखाली तीन नावं.

कायदा यात जुना आणि स्पष्ट आहे. १८७२ चा करार कायदा, कलम ४३. अनेकांनी मिळून एक वचन दिलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांतल्या कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्यानं भरली त्यानं मग बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करावा. कायद्यातच उदाहरण दिलंय: तिघांनी मिळून ३,००० रुपये द्यायचं कबूल केलं, एकाकडे काहीच नाही आणि दुसऱ्याला सगळे भरावे लागले, तर तो तिसऱ्याकडून १,००० नाही, १,५०० मागू शकतो. म्हणजे बुडणाऱ्याचा भार उरलेल्यांत सारखा वाटला जातो. हे ऐकल्यावर नाशिककराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खरी गोम मात्र पुढे होती. जाताना लातूरकरानं आपलं डिपॉझिट मागितलं. या दोघांनी मैत्रीखातर बारा-बारा हजार काढून त्याला २४,००० देऊन टाकले. 'माझ्या जागी एक मुलगा येतोय' असं तो म्हणाला होता. तो मुलगा काही आला नाही. मालकांना यातलं काहीच कळवलं नव्हतं.

मी लातूरकराला फोन केला. तो म्हणाला, "डिपॉझिट परत घेतलं, माझा संबंध संपला." मला विचाराल तर त्याचं अगदीच खोटं नव्हतं. आपसात काय ठरलं होतं, हा तिघांचा प्रश्न, आणि पुरावा काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'ठीक आहे भावा'. पण मालकांशी त्याचा संबंध तसाच होता, कारण करारातलं नाव कुणी काढलंच नव्हतं. आणि समजा मालकांनी त्याला 'जा बाबा, तू सुटलास' म्हटलं असतं, तरी कलम ४४ प्रमाणे तेवढ्यानं बाकीचे दोघे सुटत नाहीत, आणि तोही या दोघांच्या हिशोबातून सुटत नाही.

मध्येच एक सांगतो. 'करार नोंदवलाच नाही, मग काय करणार मालक?' असं विचारणारे महाभाग भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, हे खरं. पण म्हणून राहिलेल्या घराचं भाडं माफ होत नाही. आणि उलट बाजू: करार एकट्याच्या नावावर आणि राहणारे चौघे, तर बाकीचे तिघे मजेत. मालक धरणार तो त्या एकट्यालाच.

मग करायचं काय? निघणारा निघायच्या आधी मालकांना लेखी कळवा, निदान ईमेल तरी करा, आणि त्यांचा होकार लेखी घ्या. त्याहून बरं म्हणजे जुना करार रद्द करून नव्या माणसासह नवा नोंदवा. स्टँप ड्यूटी, नोंदणी फी आणि एजंटचे पैसे पुन्हा जातात, म्हणून मुलं टाळतात. ३२,००० पुढे तो खर्च किरकोळ आहे. करार करतानाच 'प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या हिश्श्यापुरती' अशी अट घालता येते, कायदा आड येत नाही. बहुतेक मालक ऐकणार नाहीत, पण विचारायला काय जातंय?

त्या ३२,००० चं शेवटी असं झालं. लातूरकराशी दोनदा बोलणं झालं, एकदा त्याच्या वडिलांशी. त्यानं १६,००० पाठवले. उरलेले या दोघांनी आठ-आठ हजार करून भरले. कोर्टात गेलो असतो तर जास्त मिळाले असते का, असं सातारकरानं विचारलं. मी म्हटलं, आधी परीक्षा दे.

मार्चमध्ये मिरजेचा एक मुलगा खोली बघायला आला. त्याला फ्लॅट आवडला, तो त्याच संध्याकाळी सामान आणायला निघाला होता. नाशिककरानं त्याला दारातच थांबवलं. आधी थंब झाला, मग गादी आत आली.

नमस्कार.