बाहेरचं युनिट हवा आणत नाही

मंडळी, विषय जाहीर झालाय तो 'खोलीतली हवा आणि विजेचं बिल यांचा मेळ'. त्याकडे येतोच, पण आधी एक गैरसमज दूर केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो, असं कितीजणांना वाटतं? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह!

भिंतीच्या भोकातून काय जातं? तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप. उरलेली फट मेकॅनिक पुट्टीने बुजवतो. बाहेरचा पंखा बाहेरचीच हवा ओढतो आणि गरम करून बाहेरच सोडतो. आतला पंखा आतलीच हवा फिरवतो. छतात बसवलेल्या चौकोनी एसीला, म्हणजे कॅसेट युनिटला, बऱ्याचदा ताज्या हवेचा डक्ट जोडायची सोय असते. तिचं झाकणही कुणी उघडत नाही. गार हवा म्हणजे ताजी हवा, हे आपण धरूनच चाललोय.

आता मुंबईतला एखादा क्लास घ्या. 8 बाय 6 मीटरची खोली, उंची 3, मुलं 40. बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे 40 मुलांचा 720 लिटर, आणि खोलीत हवा 144 घनमीटर. एकही फट नसेल तर तासाला 5000 पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांमागे 5000 भागांची वाढ! बाहेर असतो सव्वाचारशेच्या आसपास. फटी असतात म्हणून आकडा इतका चढत नाही, पण दुसऱ्या तासाला मुलं पेंगतात आणि सर त्यांनाच रागावतात. हे मला फार खटकतं. हा वायू स्वतः विष म्हणून नव्हे, तर खोलीत किती उच्छ्वास साठलाय याची खूण म्हणून मोजायचा.

ही चूक काही आपलीच नाही. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ऊर्जा वाचवायला इमारती घट्ट बंद झाल्या. ॲशरे या तिथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या 1981 च्या मानकात माणशी 5 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 5 घनफूट ताजी हवाही चालत होती. तक्रारी वाढल्यावर 1989 मध्ये किमान 15 करावे लागले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दा.

या वर्गाला सेकंदाला साधारण 230 लिटर ताजी हवा लागते, म्हणजे जवळपास 490 सीएफएम. तेवढ्यानेही कार्बन डायऑक्साइडचा आकडा 1300 पीपीएमच्या घरात राहतो. जुलैत बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असते. किलोभर हवेत 23 ग्रॅम पाणी. आत हवं 11. म्हणजे तासाला अकरा लिटर पाणी काढायचं! या ताज्या हवेचा एसीवर, म्हणजे बिलावर पडणारा भार पावणेतीन टनांच्या आसपास, आणि त्यातले सहातले पाच हिस्से निव्वळ ओलाव्याचे. म्हणून भिंतीत नुसता एक्झॉस्ट पंखा बसवू नका. तो फटींतून, शौचालयातून, पार्किंगमधून ओली हवा ओढतो. खोली गार झाली की इन्व्हर्टर एसी मंदावतो, ओलावा तसाच राहतो, आणि प्लायच्या पार्टिशनवर बुरशी धरते.

उपाय ईआरव्ही, म्हणजे जाणाऱ्या हवेतली ऊर्जा वसूल करणारं वायुवीजन यंत्र. या पेटीत बाहेर जाणारी गार, कोरडी हवा आत येणाऱ्या हवेतली उष्णता आणि ओलावा दोन्ही घेते. 60 टक्के वसुली धरली तरी भार टनभरावर येतो. बाहेरची हवा आत घेणारं तोंड जनरेटरच्या धुरापासून आणि कूलिंग टॉवरपासून लांब ठेवा. हिवाळ्यातल्या धुरक्यासाठी मर्व्ह 13 दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर लावा. पण पंख्याला तेवढा दाब पेलतो का, ते आधी बघा. फिल्टर तुंबला की हवा गुपचूप निम्मी होते.

वर्ग रिकामा असेल तेव्हा पंखा मंद करायला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावा: बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दार-खिडकीपासून दूर. आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं धरून बरेच सेन्सर स्वतःला जुळवून घेतात. चोवीस तास माणसं असलेल्या खोलीत तेच चुकतं आणि आकडा कमी दिसू लागतो. तिथे तो वर्षातून एकदा उघड्यावर नेऊन तपासा.

आणि घरी गेल्यावर कॅसेटचं ते झाकण बघा. प्रश्न असतील तर बाहेर चहाजवळ बोलू.