डोंगरावरचं नगर

२२ ऑक्टोबर २०१८. टेक्सासमधलं ह्यूस्टन. सेनेटर टेड क्रूझ यांच्या प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणतात, मी राष्ट्रवादी आहे. सभा दणाणून जाते.

मराठी कानाला यात वावगं काही वाटणार नाही. आपल्याकडे हा शब्द परकीय सत्तेशी लढताना कमावलेला. अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे राष्ट्राध्यक्ष तो स्वतःला लावून घेणं सहसा टाळत आले. ते म्हणत, अमेरिका जगावेगळी आहे.

ही भाषा जुनी आहे. १६३० साली प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे नेते जॉन विन्थ्रॉप यांनी अमेरिकेतल्या आपल्या वसाहतीला बायबलमधली उपमा दिली : डोंगरावरचं नगर. सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, देवाशी खोटं वागलो तर जगभर नाचक्की होईल. ती फुशारकी नव्हती, ताकीद होती. ११ जानेवारी १९८९ ला निरोपाच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हेच नगर झळाळतं केलं. तटबंदी असलीच, तर तिला दरवाजे आहेत आणि यायची जिद्द असलेल्या प्रत्येकासाठी ते उघडे आहेत, असं ते म्हणाले.

मला खरा फरक इथे दिसतो. राष्ट्रवाद म्हणतो, घर आमचं, म्हणून आधी आमचं. त्याला दुसरं कारण लागत नाही. जगावेगळेपण मात्र एका वचनावर उभं आहे : १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं, सगळी माणसं समान असल्याचं. या वचनाचा अहंकारही होतो. २००३ साली इराकमध्ये अमेरिकी फौजा घुसल्या, तेव्हा तोंडी स्वातंत्र्याचीच भाषा होती.

पण वचन दिलं की जाब विचारता येतो. ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी तो विचारला. स्वतः गुलामीतून निसटलेला हा माणूस समोरच्या गोऱ्या श्रोत्यांना म्हणाला, तुमचा चार जुलैचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा?

तेरा वर्षांनी, यादवी युद्धात लाखो माणसं गेल्यावर, गुलामगिरी कायद्याने संपली. ही गोष्ट पुण्यापर्यंत पोहोचली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकनांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेतच लिहून ठेवली.