मनगटावरचा पट्टा आणि किनाऱ्यावरचा रसवाला

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाविषयी. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सगळ्यांत छोटा देश. मधोमध गांबिया नदी, तिच्या दोन्ही काठांना जमिनीची चिंचोळी पट्टी, संपला देश. तीन बाजूंना सेनेगल आणि चौथ्या बाजूला अटलांटिक महासागर. किनारा जेमतेम ८० किलोमीटरचा. आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला याहून लांब किनारा लाभलाय.

एवढ्याशा किनाऱ्यावर युरोपातून विमानं भरभरून माणसं येतात. कधी? नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा युरोप गारठलेला असतो आणि गांबियात दिवसा ३० अंशांच्या आसपास कोरडं, स्वच्छ ऊन असतं. लंडनहून अंतर साधारण सहा तासांचं, घड्याळही जवळपास तेच. पाऊस जून ते ऑक्टोबर. लक्षात ठेवा, हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल.

देश स्वतंत्र झाला १९६५ साली. त्याच वर्षीच्या हिवाळी हंगामात बर्टिल हार्डिंग नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी ३०० स्वीडिश पर्यटक आणले आणि या धंद्याला सुरुवात झाली. कोटू, कोलोली भागातल्या हॉटेलांजवळून जाणाऱ्या हमरस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. तोवर या देशाचा सगळा भार भुईमुगावर. शेंगदाणा विकायचा आणि बाकीचं सगळं विकत आणायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ही गोष्ट आहे एका बंदीची.

युरोपातला पर्यटक गांबियाला जातो तो बहुतेक वेळा पॅकेज घेऊन. विमानाचं तिकीट, विमानतळावरून हॉटेल, हॉटेलची खोली, सगळ्याचे पैसे एकदम, आणि तेही घरी बसून, आपल्याच देशातल्या कंपनीला. गांबियातल्या हॉटेलाला त्यातला ठरलेला वाटा नंतर मिळतो. इथवर ठीक होतं. कारण जेवायला, प्यायला, फिरायला पर्यटक बाहेर पडायचा. हॉटेलच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाला उभा असायचा. चार पावलांवर एखाद्या बाईची खानावळ. किनाऱ्यावर संत्री, आंबे, पपई घेऊन रस काढून देणारे रसवाले, डोक्यावर फळांचं घमेलं घेतलेल्या बाया, लाकडी मुखवटे आणि बाटिकचं कापड विकणारे. ही सगळी मंडळी फाटकाबाहेरच्या पैशांवर जगत होती.

मग आलं ऑल-इन्क्लुझिव्ह. नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, दारू, सरबतं, सगळं आधीच भरलेल्या पैशांत. पाहुण्याच्या मनगटावर रंगीत पट्टा बांधायचा. पट्टा दाखवा आणि हवं ते घ्या. आता सांगा, ज्याने जेवणाचे पैसे आधीच मोजलेत तो बाहेर जाऊन पुन्हा पैसे कशाला मोजेल? आठवडाभर पोहण्याच्या तलावाकाठी पडून राहायचं, एखादी सहल करायची, तीही हॉटेलातच आरक्षित केलेली, आणि परत जायचं. पर्यटकांची संख्या कागदावर तेवढीच. फाटकाबाहेरचा पैसा मात्र आटला.

(आपल्याकडे नाकं मुरडायचं कारण नाही. सहलीत सोबत आचारी नेऊन स्वित्झर्लंडमध्ये वरण-भात वाढणाऱ्या आपल्या मराठी सहली दुसरं काय करतात? पट्टा नसतो, एवढाच फरक. ज्या गावात उतरलो तिथल्या हातचा एक घास न खाता परतायचं, हे मला तरी कधी कळलं नाही. असो.)

तर टॅक्सीवाले, खानावळवाले, विक्रेते सरकारकडे गेले. आणि सरकारने काय करावं? १९९९-२००० च्या हंगामासाठी गांबियाने ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेजवर चक्क बंदी घातली. राहा, खा, प्या, पण जेवणखाणासकट सगळं आधी विकायचं नाही. सबंध जगातल्या पर्यटन व्यवसायाने कान टवकारले. पर्यटनावर जगणाऱ्या एका छोट्या देशाने परदेशी सहल कंपन्यांना असं थेट नाही म्हणणं सहसा घडत नाही.

फाटकाबाहेरचे लोक खूश. आणि बंदी टिकली किती? जेमतेम वर्षभर. नंतर ती उठवावी लागली.

का उठवावी लागली, ते नीट ऐका, कारण गोष्टीचं मर्म इथे आहे. हिवाळ्यात ऊन शोधणारा माणूस गांबियावर जीव जडलाय म्हणून येत नाही. त्याच्यासमोर सहलींचं माहितीपुस्तक असतं. एका पानावर गांबिया, पुढच्या पानावर कॅनरी बेटं, त्याच्या पुढे कॅरिबियन. त्याला जर सगळं समाविष्ट असलेली सुट्टीच हवी असेल आणि गांबियाच्या पानावर ती नसेल, तर तो पान उलटतो. आणि सहल कंपनीने आपल्या पाहुण्यांसाठी भाड्याने घेतलेलं चार्टर विमान? ते गांबियाशी लग्न लावून बसलेलं नसतं. सीटा भरत नाहीत असं दिसलं की पुढच्या हंगामात तेच विमान दुसऱ्या किनाऱ्यावर उतरतं. विमान गेलं की ऑल-इन्क्लुझिव्हवाला पाहुणा जातो आणि त्याच विमानातून येणारा, बाहेर जेवणारा पाहुणाही जातो. पुन्हा सांगतो: विमान एकच, दोघंही त्यातच बसलेले. एकाला रोखायला गेलं की दुसराही येत नाही.

विमान रुसलं की काय होतं, ते गांबियाने इतर वेळीही भोगलंय. जुलै १९९४ मध्ये लष्करी उठाव झाला आणि ब्रिटिश सरकारने तिथे जाऊ नका असा सल्ला दिला, हंगाम कोसळला. २०१४ मध्ये इबोला त्याच भागातल्या गिनीमध्ये, लायबेरियात, सिएरा लिओनमध्ये होता, गांबियात एकही रुग्ण नव्हता, तरी पर्यटक घाबरून आले नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये निवडणूक हरलेले अध्यक्ष खुर्ची सोडेनात, आणीबाणी आली आणि ऐन हंगामात ब्रिटिश पर्यटकांना खास विमानांनी परत नेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा हंगाम तोंडावर आला होता. तिची चार्टर विमानं गोव्यालाही यायची, त्यामुळे तो फटका आपल्या गोव्याच्या हॉटेलवाल्यांनाही चांगलाच आठवत असेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. बंदी फसल्यावर जे झालं ते बंदीपेक्षा जास्त कामाचं.

छोट्या व्यावसायिकांनी २००० साली स्वतःची संघटना उभारली. मग हॉटेलवाले, सहल कंपन्या आणि किनाऱ्यावरचे विक्रेते एका टेबलाशी बसले, आणि बोलता बोलता एक अवघड गोष्ट पुढे आली. विक्रेते म्हणत होते, हॉटेलवाले पाहुण्यांना कोंडून ठेवतात. हॉटेलवाले म्हणत होते, बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही दहा जण अंगावर येता, म्हणून पाहुणेच बाहेर पडत नाहीत. आणि दोघांचंही खरं होतं! पाहुणा घाबरून आत बसतो, म्हणून बाहेर गिऱ्हाईक कमी. गिऱ्हाईक कमी, म्हणून जो एखादा बाहेर येतो त्याच्यावर सगळे तुटून पडतात. म्हणून तो पुन्हा आत. चक्र सुरू.

ते तोडलं कसं? अगदी साध्या गोष्टींनी. रसवाल्यांना किनाऱ्यावर ठरलेल्या जागी टपऱ्या. छातीवर बिल्ला. स्वच्छतेचे नियम. गिऱ्हाइकाच्या मागे धावायचं नाही, शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं नाही, ही आचारसंहिता त्यांनी स्वतःच लिहिलेली. फळवाल्या बायांनाही बसायला जागा. वाटाड्यांना परवाना. पाहुणा आता स्वतः चालत टपरीपाशी येऊ लागला. कोटूच्या किनाऱ्यावरच्या रसवाल्यांची कमाई एका हंगामात दुपटीहून जास्त झाली. वर्षभराची बंदी जे करू शकली नाही, ते टपरीने आणि बिल्ल्याने केलं.

पुढे २००४ मध्ये ‘गांबिया इज गुड’ नावाचा प्रकल्प निघाला. हॉटेलांची भाजी परदेशातून यायची, ती स्थानिक शेतकऱ्यांकडून घ्यायची. अडचण शेतीची कमी, वेळेची जास्त होती. हॉटेलाला रोज, एकसारखा, मोजून माल लागतो, आणि लागतो तो हंगामात. शेतकरी मात्र सगळे एकाच वेळी कांदा-टोमॅटो काढतात, मग भाव पडतो आणि माल सडतो. म्हणून लागवड टप्प्याटप्प्याने करायला शिकवलं. नाशिकच्या श्रोत्यांना हे जास्त सांगायला नको.

अरे, वेळ बराच गेला की! आता जायचं असेल तर काय करायचं, ते भराभर सांगतो.

मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे जाणं सोयीचं, ब्रसेल्समार्गेही जाता येतं. हॉटेल घेताना फक्त नाश्ता असलेली खोली घ्या. पुन्हा सांगतो, फक्त नाश्ता. राजधानी बांजुलमध्ये राहायची गरज नाही. कोटू, कोलोली, फजारा, बकाऊ हा पट्टा बरा, आणि शांतता हवी असेल तर दक्षिणेकडे सानयांग.

टॅक्सी दोन प्रकारच्या. हिरवी टॅक्सी पर्यटकांची, हॉटेलबाहेर थांबते, दरांचा फलक लावलेला असतो, महाग पडते. पिवळी, हिरव्या पट्ट्याची, ती गावची. तिच्यात इतरांसोबत बसलात तर अगदी थोडक्यात काम होतं. पूर्ण गाडी हवी असेल तर भाडं बसण्याआधी ठरवा. उतरताना ठरवायला गेलात की वाद ठरलेला.

किनाऱ्यावर तरुण मुलं सोबत चालू लागतात. त्यांना तिथे बम्स्टर म्हणतात. ठरलेली युक्ती अशी: ‘मला ओळखलं नाहीत? मी तुमच्या हॉटेलात स्वयंपाकघरात आहे.’ कुठलं हॉटेल, हे त्याला तुमच्या मनगटावरच्या पट्ट्याने किंवा हातातल्या टॉवेलने सांगितलेलं असतं. रागावू नका आणि न बघता पुढेही जाऊ नका, तिथे नमस्कार टाळणं उद्धटपणा समजतात. सलाम करा, ख्यालीखुशाली विचारा, हसून नको म्हणा आणि चालू लागा. वाटाड्या हवा असेल तर परवान्याचा बिल्ला असलेला घ्या. पक्षी बघायचे असतील तर कोटूच्या पुलापाशी जाणकार वाटाडे भेटतात. देशात पक्ष्यांच्या पाचशेहून जास्त जाती आहेत, आणि अबुकोचं राखीव जंगल अर्ध्या दिवसात पायी होतं.

रस समोर काढून घ्या, पाणी आणि बर्फ नको म्हणून आधीच सांगा. वोंजो नावाचं लालभडक सरबत जरूर प्या, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. गोरखचिंचेच्या गराचंही सरबत मिळतं, आंबटगोड, दाट. शाकाहारी मंडळींनो, इकडे लक्ष द्या. दोमोदा म्हणजे शेंगदाण्याचा रस्सा, भाताबरोबर खातात. आपल्या तोंडाला तो लगेच रुचतो, पण त्यात बहुधा मांस किंवा मासा असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण सुका मासा आणि मसाल्याच्या वड्या चवीसाठी घातल्या जातात आणि त्यांना कोणी मांस समजत नाही. मासा नको, सुका मासा नको, वडी नको, असं एकेक करून सांगा, आणि आदल्या दिवशीच सांगा.

चलन दलासी. मोठ्या हॉटेलांबाहेर कार्ड फारसं चालत नाही. एटीएममधून एका वेळी थोडीच रक्कम निघते, म्हणून डॉलर किंवा युरो रोख न्या आणि अधिकृत ठिकाणी बदला. विजेचा प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. समुद्रात ओढ जबरदस्त असते. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातसुद्धा जाऊ नका.

आता औषधं. मलेरिया तिथे बारा महिने, पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच सर्वांत जास्त. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी कुठली, यावर ती परतल्यावर किती दिवस घ्यायची हे ठरतं: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सीसायक्लिन चार आठवडे. लोक चुकतात ते इथेच, घरी आलो की गोळी बंद. डास चावला शेवटच्या रात्री, तर परजीवी रक्तात उतरायला आठवडा-दोन आठवडे घेतो, तेव्हा गोळी चालू हवी. परतल्यानंतरच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा, आफ्रिकेत जाऊन आलोय.

आणि पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि नंबर लावावा लागतो, म्हणून महिनाभर आधी चौकशी करा. प्रमाणपत्र लशीनंतर १० दिवसांनी लागू होतं. म्हणजे निघण्याच्या किमान १० दिवस आधी लस, आदल्या आठवड्यात नव्हे. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढची मंडळी, अंड्याची ॲलर्जी असलेले, गरोदर स्त्रिया, यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. प्रमाणपत्राचं हे पिवळं कार्ड जाताना सोबत असावंच, पण खरं लागतं ते परत येताना. गांबियाहून येणाऱ्याकडे ते नसेल तर आपल्या विमानतळावरचे आरोग्य अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून ते बॅगेत टाकून बॅग विमानाच्या पोटात देऊ नका, पासपोर्टला रबरबँड लावून हाताशी ठेवा. नमस्कार.