आतून भाजलेलं घर

हा वाडगा हातोहात पुढे द्या, जपून. एका अंगाला लाल आहे, कडेला हिरवट. लोक विचारतात, दोन रंग कसे लावले? रंग दोन नाहीतच. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, एकच; त्यात थोडं तांबं. भट्टीत हवा मोकळी खेळली की तांबं हिरवं होतं. हवा तोडली की भुकेली ज्वाळा ग्लेझमधलाच प्राणवायू ओढून घेते आणि तेच तांबं लाल होतं. याला आम्ही रिडक्शन म्हणतो. झाकणाच्या फटीतून ज्वाळेची जीभ बाहेर आली की ओळखायचं, आत हवा कमी पडली.

ही विद्या आपल्याकडच्या किती तरी जणांनी पाँडिचेरीत घेतली. 1971 साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या दोघांनी तिथं गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोराबाई जपानात बिझेनला काम शिकून आलेल्या. मीकर अमेरिकेत वास्तुकला आणि सिरॅमिक्स दोन्ही शिकलेले. आपल्या कुंभाराचा आवा साधारण 700 ते 900 अंशांचा. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या टणक भाजलेल्या भांड्यांना, 1250 ते 1300 लागतात. मुंबईचे आदिल रायटर वास्तुविशारद होते. तेही तिथंच शिकले आणि आता ऑरोव्हिलला मंडला पॉटरीत काम करतात.

पण मला आज सांगायचंय ते मीकर यांच्या घरांबद्दल. 1980च्या दशकात इराणी वास्तुविशारद नादर खलिली यांच्या प्रयोगांवरून त्यांनी एक कल्पना उचलली. कच्च्या मातीच्या विटांचं, घुमटाचं किंवा कमानी छताचं अख्खं घर बांधायचं, त्यात कच्च्या विटा-कौलं रचायची आणि घरालाच आग लावायची! म्हणजे घर हीच भट्टी. आतला माल विकून जळणाचा खर्च काढायचा आणि मग त्याच घरात माणसांनी राहायचं. माझ्या मते आपल्या देशातल्या मृत्तिकाकलेतलं हे सगळ्यात धाडसी काम.

यातली अडचण कुंभाराला लगेच कळते. वाडग्याची जाडी बोटभरसुद्धा नसते. भिंत हात-दीड हात जाड, आणि आच फक्त आतून. आतली बाजू पक्की भाजते, बाहेरची कच्ची राहू बघते. घाईनं तापवलं तर मातीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि भिंत फोडते. गोरोबाकाकांचं थापटणं आठवतं ना? डोकं असो की मडकं, कच्चेपण बाहेरून दिसत नाही. पुढे मीकर मोठ्या शिल्पांकडे वळले, पण सवय तीच: शिल्प जागेवर उभं करायचं आणि भट्टी त्याच्याभोवती रचायची.

माझं एक नुकसान सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रदर्शनाच्या घाईत मी भट्टीचं दार लवकर किलकिलं केलं. 573 अंशांला मातीतलं क्वार्ट्झ नावाचं खनिज आपली रचना बदलतं, निवताना एकदम आकसतं. गार वाऱ्यानं ते भांड्याच्या एकाच बाजूला आधी घडलं आणि भांडी तडकली. टिंग, टिंग असे आवाज येत राहिले. चाळीस थाळ्यांपैकी सहा उरल्या. तो आवाज आजही कानात आहे.

माझ्या मागे जी भट्टी आहे, तिच्यात परवा रचलेली भांडी आहेत. यंत्र अजून 180 अंश दाखवतंय. विचारा काय विचारायचं ते. उद्या सकाळपर्यंत मी दाराला हात लावणार नाही.