शिलाईतली माया

(महाल, नागपूर. सकाळ. अर्धं उघडलेलं शटर, आतून शिलाई मशीनचा आवाज.)

ऊन अजून गल्लीत उतरायचं आहे, पण कूलर सुरू झालाय. ताईंच्या गळ्यात टेप, हातात खडू. छाती चौतीस. चौथा भाग साडेआठ, वर दीड इंच. हे त्या कागदावर मांडत नाहीत. रेघ थेट कापडावर उमटते.

पण बचत गटाचं रजिस्टर पुढे आलं, की याच ताई हात मागे घेतात.

‘मले गणित नाही येत जी. मी पयलेपासूनच ढ.’

सातवीत फळ्यापुढे उभं करून कुणीतरी हा शब्द वापरला होता. शाळा सुटून पस्तीस वर्षं झाली. शब्द अजून सुटलेला नाही.

(कापडावर चालणारी कात्री.)

अशा वाक्यांकडे १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातल्या ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी बारकाईनं पाहिलं. नैराश्याच्या रुग्णांच्या मनात काही विचार आपोआप येऊन जातात, आणि ते इतके ओळखीचे असतात की माणूस ते खरे आहेत असं धरूनच चालतो. बेक यांनी रुग्णांना ते विचार लिहून काढायला आणि तपासायला शिकवलं. याला पुरावा काय? उलट बाजूचा पुरावा काय?

मला यातलं हे पुरावा मागणंच मोलाचं वाटतं. खोटं कौतुक मनाला लगेच कळतं. २००९ साली कॅनडातल्या संशोधकांनी काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांना मुळातच स्वतःची किंमत वाटत नव्हती, त्यांना ते म्हणून आणखी वाईट वाटलं.

(लेकीची जुनी वही. मधोमध ओढलेली रेघ.)

ताईंच्या वहीत डावीकडे एकच ओळ आहे: सातवीत गणितात नापास. उजवीकडची बाजू भरत गेली. ब्लाउजची मापं. भिशीत कुणाचे किती राहिले, ते तोंडपाठ. अस्तराचा भाव वाढला तेव्हा शिलाई किती वाढवायची, ते स्वतःच ठरवलं.

लेकीनं खाली लिहून दिलं, ‘मी हुशार आहे.’ ताईंनी ते खोडलं. ‘हे नाही पटत मले.’ मग स्वतः लिहिलं: ‘शाळेतलं गणित नाही जमलं. कापडावरचं रोज जमते.’

ब्लाउज शिवताना आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. गिऱ्हाइकासाठी ताई ती कधी विसरत नाहीत. स्वतःविषयीचं ते वाक्य मात्र त्यांनी इतकी वर्षं अगदी अंगाबरोबर शिवून घेतलं होतं.

ते एका दिवसात उसवत नाही. ‘मी ढ आहे’ हे किती खरं वाटतं? पहिल्या दिवशी ताईंनी शंभरपैकी नव्वद दिले. तीन आठवड्यांनी साठ.

आणि कुणाला मनातल्या वाक्यानं जगणंच नकोसं झालं असेल, तर एकट्यानं वही घेऊन बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

(दुपार. सतरंजीवर बायका, मध्ये रजिस्टर.)

आज बेरीज ताई करताहेत. बोट एकेका आकड्यावर थांबतं. एका रकान्यात चूक झाली. ताईंनी ती खोडली, गळ्यातली टेप काढून बाजूला ठेवली, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.